कारल्याचा नेम

तुरटीचा खडा सासूबाईंनी माझ्या हातावर ठेवला, तेव्हा त्याच्या एका कडेला बारीक पांढरा केस चिकटलेला होता. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या दाढीचा. त्यांच्या दाढीच्या डब्यातला मोठा खडा वरवंट्यानं फोडून त्यातला एक तुकडा माझ्या वाट्याला आला होता. रोज कोमट पाण्यात फिरवायचा, त्या पाण्यानं खाली धुवायचं, बाई पहिल्यासारखी होते. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सासूबाईंनी हे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. माझा आर्जव तेव्हा चार महिन्यांचा होता आणि माझ्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपला होता. त्याची लाळ माझ्या मानेवरून ओघळत होती आणि त्या सगळ्या घटकेत तेवढीच एक गोष्ट मला स्वच्छ वाटली.

केस मी नखानं काढला. खडा साबणानं धुतला, परत धुतला. तरी तो हातात घेतला की मला अण्णांची फेसाळलेली हनुवटीच दिसायची. आणि तरीही मी तो वापरायला लागले, कारण मला खरंच वाटलं होतं की काहीतरी बिघडलंय ते माझंच आहे.

आर्जव कराडला झाला. माझं माहेर उंब्रजचं, हायवेला लागून बाबांचं भांड्यांचं दुकान आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दवाखाना जवळच्या कराडचा. बाळाचं डोकं मोठं होतं, डॉक्टरांनी छेद दिला आणि नंतर टाके घातले. टाके घालताना ते शेजारच्या नर्सशी कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होते. बासुंदी पातळ होती म्हणे. मी पाय टांगून पडलेली, माझं अंग शिवलं जातंय आणि बासुंदी पातळ. बाहेर जाऊन त्यांनी भरतेशला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं की एक टाका जास्तीचा घातलाय बघा, तुमच्यासाठी. भरतेशनं ते मला संध्याकाळी हसत हसत सांगितलं, पेढ्यांचा बॉक्स उघडता उघडता. मुलगा झाल्याच्या आनंदात होता, त्याला तो डॉक्टरांचा मोकळेपणा वाटला. माझ्या तोंडात पेढा होता. तो मला गिळता येईना. बाहेरही काढता येईना, समोर आई उभी होती.

भरतेश वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. वारणेकाठी आमची ऊस आणि हळदीची शेती आहे. त्यानं शेतीचा डिप्लोमा केलाय, मोठ्यानं बोलत नाही, बाळाचे लंगोट स्वतः वाळत घालतो, आणि घातले की शेजारच्या बायका बघतायत का ते बघतो. पण एवढा चांगला माणूसही डोळे मिटून जवळ येतो तेव्हा त्याला समोरचं काही दिसत नाही.

आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात भरतेश रात्रभर पाण्याच्या मोटारीवर असायचा आणि दिवसा घरी. दुपारी अण्णा ओसरीवर आडवे व्हायचे, सासूबाई बायकांच्या मंडळात जायच्या, आर्जव झोळीत. त्या दुपारी आमच्या असायच्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी त्या आठवड्याची वाट बघायचे. बाळंतपणानंतर सासरी आले आणि पहिलीच अशी दुपार आली, तेव्हा मला वाटलं की आतून कुणीतरी मला विळीवर धरलंय. धार नसलेल्या विळीवर. मी त्याच्या खांद्यात नखं रुतवली आणि त्याला वाटलं, मला बरं वाटतंय. तो आंघोळीला गेल्यावर मी चादरीवरचा डाग धुतला आणि ती चादर बाळाच्या कपड्यांच्या मध्ये वाळत घातली.

दुसऱ्या वेळी डाग नव्हता. दुखणं तेवढंच होतं. तिसऱ्या वेळी त्यानं नुसता हात ठेवला आणि माझ्या मांड्या, पोट, जबडासुद्धा आपोआप आवळला गेला, पाल अंगावर पडल्यावर आवळतो तसा. पुढं पुढं तर त्याची मोटारसायकल पाणंदीतून वळल्याचा आवाज आला तरी मला मळमळायचं. मला माझ्या माणसाच्या अंगाच्या वासाची किळस यायला लागली. हळदीच्या मातीचा, डिझेलचा वास, जो मला आवडायचा. झाल्यावर तो माझ्या कपाळावरचे केस मागं सारायचा, प्रेमानं, आणि मी छताकडं बघत मनात म्हणायचे, हात काढ.

तुरटीनं तर त्यात भरच घातली. धुतल्यावर इतकी आग व्हायची की मी बाथरूममध्ये भिंतीला टेकून उभी राहायचे. कातडं सुकून ताणल्यासारखं व्हायचं. सासूबाई बाहेरून विचारायच्या, धुतलंस का. मी आतून म्हणायचे, हो.

शेवटी सासूबाईच मला सांगलीला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या, कारण मी जेवत नव्हते आणि आर्जवचं दूध कमी होईल अशी त्यांना काळजी. तपासायच्या टेबलावर आधीच्या बाईच्या पाठीचा घाम तसाच होता. मी त्यावर झोपले. डॉक्टरीणबाईंनी न सांगता बोटं घातली, मी कळवळले, तर म्हणाल्या, एवढं काय त्यात, बाळ काढलंय ना इथून. टाके छान भरलेत, काही झालेलं नाही, मन रमवा. हातमोजे काढून बादलीत टाकता टाकता त्यांनी आणखी एक सांगितलं, नवऱ्याला फार दिवस नाही म्हणू नका, पुरुषाची जात असते. सासूबाईंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर त्यांनी मला शहाळं पाजलं. मी ते स्टँडच्या मागं ओकून टाकलं.

म्हणजे माझं दुखणं आता अधिकृतपणे नव्हतंच.

नेमाची वाट मला अशी सापडली. आम्ही जैन. आमच्याकडे देवळाला बस्ती म्हणतात, आणि बस्तीत काहीतरी सोडण्याचा नेम घ्यायची पद्धत लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांत आहे. कुणी चौमासाभर हिरवी भाजी सोडतं, कुणी तूप, कुणी रात्रीचं पाणी. एका चतुर्दशीला सासूबाई निघता निघता म्हणाल्या, तू बी काय तरी घे की. मी त्यांच्याबरोबर बस्तीत गेले आणि अष्टमी-चतुर्दशीला ब्रह्मचर्याचा नेम घेतला. घरी येऊन भरतेशला सांगितलं. तो लगेच बरं म्हणाला आणि त्या दिवशी ओसरीवर अण्णांच्या शेजारी झोपला. कारण विचारलं नाही, तोंड पाडलं नाही. मी थक्क झाले. माझं दुखतंय याला या घरात जागा नव्हती. माझा नेम आहे याच्यापुढं सगळे हात जोडत होते.

मग मी नेम वाढवत गेले. अष्टाह्निकाचे आठ दिवस. मग सोळाकारण पर्वाचा अख्खा महिना. मध्ये कुणाच्या तरी उपवासाला जोड म्हणून आणखी. तिथ्या मला तोंडपाठ झाल्या. ज्या दिवसांना कसलाच आधार सापडायचा नाही, ते मी दात आवळून काढायचे.

आणि गाव माझं कौतुक करायला लागलं. एवढ्या तरण्या वयात केवढा संयम. प्रभावतीकाकूंची सून म्हणजे, असं म्हणून बायका वाक्य अर्धं सोडायच्या आणि डोळ्यांनी पुरं करायच्या. प्रभावती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या मंडळाच्या अध्यक्ष, त्यांची मान ताठ झाली. एकीनं तर आपल्या नव्या सुनेला माझ्या पायावर डोकं ठेवायला लावलं. ती पोरगी वाकली तेव्हा तिच्या केसांतल्या गजऱ्याचा वास आला आणि मला वाटलं, आत्ता हिला उठवून कानात सांगावं, पाया पडू नकोस, मी पळून आलेली आहे. नाही सांगितलं. माझी नणंद रूपाली तेवढी चेष्टा करायची. कुपवाडहून आली की म्हणायची, वैनी, आमच्या दादाला मुनी करतीस का काय, बघ हं, मोरपिसांची पिंछी घेऊन निघंल एक दिवस. सगळ्या हसायच्या. भरतेशही हसायचा, पण ओठांनीच.

यंदा आमच्या गावात आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चौमासा होता. सासूबाईंनी ठरवलं की समारोपाच्या आधी आपल्या घरातून काहीतरी ठळक व्हायला पाहिजे. एक दिवस पोळ्या लाटता लाटता त्यांनी सांगितलं की मी आणि भरतेशनं जोडीनं वर्षभराचं ब्रह्मचर्य घ्यायचं. रविवारी, सगळ्या श्रावक-श्राविकांसमोर. मंडळाकडून साडी-चोळीनं माझा सत्कार होणार होता. त्यांनी माताजींच्या कानावर घातलं होतं, अण्णांना सांगितलं होतं. भरतेशला मात्र विचारलं नव्हतं, कळवलं होतं.

त्या दिवसांत मला एकच गोष्ट डोळ्यांसमोर दिसत होती. वर्षभर सुटका. आणि त्या सुटकेच्या शेवटी काय, तर तेच दुखणं, तशीच विळी, फक्त त्यावर आता बस्तीचा शिक्का. वर्षभरानंतर मी कुणाला सांगणार होते की मला दुखतं? सत्कार घेतलेली बाई असं बोलत नसते. आणि नाही म्हणाले तर रविवार संपून सोमवारी दुपार होतीच, रात्रीच्या लाईटचा आठवडा सुरू होत होता. या दोन्हींच्या मध्ये उभं राहायला मला वीतभर जागा दिसत नव्हती. भरतेश त्या आठवड्यात माझ्याशी फार बोलला नाही. एकदा फक्त आर्जवला कडेवर घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “तुला पायजेच हाय का हे?” मी म्हणाले, “हो.” त्यानं मान हलवली आणि पोराला घेऊन गोठ्याकडं गेला.

रविवारी सकाळी बस्तीच्या मंडपात बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. माताजी पाटावर, पांढऱ्या साडीत, कृश, डोळे मात्र खोडकर. आधी लहान पोरांचे नेम झाले. रूपालीची मुलगी पुढं गेली, परकराचा घोळ धरून. माताजींनी विचारलं, काय सोडतीस बाळ. ती ठणकावून म्हणाली, कारलं.

मंडपात खसखस पिकली. रूपालीनं बसल्या जागेवरून सांगितलं, “मामावर गेलीया, माताजी. आमचा दादा बी लहानपणी चार महिने कारलंच सोडायचा. वर मुद्दाम आईला कारली करायला लावायचा आणि ताटावर बसून म्हणायचा, माझा नेम हाय.”

आता पुरुषांची बाजूही हसली. भरतेशच्या पाठीवर कुणीतरी थाप मारली. माताजीही हसल्या. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून पिंछी फिरवली आणि म्हणाल्या, “जे तुला नकोच हाय, ते सोडायला नेम कशाला लागतोय? नुसतं नको म्हणायचं.”

एवढंच. त्यांना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. त्या मुलीला त्यांनी खारे शेंगदाणे सोडायला लावले आणि ती रडकुंडीला आली, तेव्हा परत सगळे हसले. पण मी पुरुषांच्या बाजूला बघत होते. भरतेश हसता हसता थांबला होता. त्याचं तोंड अर्धं उघडं राहिलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, चार महिन्यांच्या आर्जवला घेऊन मी सासरी आले तेव्हापासून आज वर्ष होत आलं, त्या सगळ्या काळात त्यानं माझ्याकडं असं पहिल्यांदा बघितलं. मी मान खाली घातली. आर्जव माझ्या मांडीवर पदराची गाठ चोखत होता.

सासूबाईंनी आमची नावं घेतली. मी उठले.  भरतेशही उठला, पण पुढं आला नाही. तिथूनच हात जोडून म्हणाला, “माताजी, आमचा नेम आत्ता नको.”

 सासूबाई म्हणाल्या, अरं ठरलंय न्हवं. तो म्हणाला, “ठरलं हुतं. माझ्यानं व्हणार न्हाई.”

मग पुरुषांच्या बाजूला दबक्या आवाजात सुरू झालं. कुणीतरी कुणाच्या तरी कानात म्हणालं आणि ते सगळ्यांना ऐकू आलं, “गड्याला धीर न्हाई.” कुणी घसा खाकरला. कुणी हसू रुमालात दाबलं. भामाबाई नावाच्या म्हातारीनं माझ्याकडं अशा दयेनं बघितलं की मला शिसारी आली. सासूबाईंचा चेहरा उतरला होता, अण्णा खांबाकडं बघत होते. रूपाली जवळून जाताना भावाला म्हणाली, “दादा, लाज धर जरा.” सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत माझा नवरा हावरट ठरला, आणि तो कान लाल करून तसाच हात जोडून उभा राहिला. 

तिथून आम्ही घरी गेलोच नाही. त्यानं मोटारसायकल सरळ मळ्याकडं वळवली. आर्जव आमच्या दोघांच्या मध्ये. मोटारीच्या खोलीजवळ त्यानं गाडी लावली, हळदीची पानं छातीएवढी वाढली होती, त्यांच्या कडेला आम्ही बसलो. बराच वेळ तो गवताची काडी मोडत राहिला. मग म्हणाला, “तुझा नेम कारल्याचा हाय न्हवं?”

मी म्हणाले, “हो.”

“मी नको झालोय?”

“तुम्ही नाही. दुखतं मला. आर्जव झाल्यापासून. दर वेळी.”

मग ते सगळं बाहेर आलं. चादरीचा डाग, तुरटी, तिच्यावरचा केस, सांगलीचं टेबल, मोटारसायकलच्या आवाजानं होणारी मळमळ. डॉक्टरांचा जास्तीचा टाका आणि तो पेढा. मी रडत नव्हते, घाण बाहेर टाकावी तसं एकेक टाकत होते. तो मध्येच म्हणाला, बोलायचं न्हाई व्हय. तेव्हा मात्र मला इतका राग आला की आर्जव दचकला.

“बोलायची गरज का पडावी? तुम्ही माझ्या तोंडाकडं एकदा तरी बघितलंत?”

तो उठला. पाइपाजवळ गेला, हात धुतले. परत धुतले. मग तोंड धुतलं, आणि पाठमोराच राहून म्हणाला, “मला माझीच किळस यायला लागलीया.”

मी म्हणाले, “येऊ दे.”

मला त्या वेळी त्याला जवळ घ्यायचं नव्हतं. त्यानंही ते मागितलं नाही, हे मी त्याच्या नावावर जमा धरते. त्यानं आर्जवला उचललं, हळदीचं एक पान त्याच्या डोक्यावर छत्रीसारखं धरलं, आणि पोरगं हसलं.

दोन दिवसांनी आम्ही मिरजेला गेलो. तिथल्या एका डॉक्टरबाईंचं नाव त्याला त्याच्या कॉलेजच्या मित्राच्या बायकोनं सांगितलं होतं. कसं विचारलं असेल त्यानं, मी अजून विचारलेलं नाही. डॉक्टरबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तपासू का, आणि मी हो म्हणेपर्यंत थांबल्या. एवढ्यानंच माझे डोळे भरले. एका बोटानं, हळू, टाक्याच्या जागी दाबून त्यांनी विचारलं, इथंच का. मी ओरडले. त्या म्हणाल्या, हं, हे खरं दुखणं आहे, मनाचं नाही.

त्यांनी मांडून सांगितलं ते असं. टाका जिथं भरला तिथं कातडं जाड आणि आखडलेलं आहे. बाळ अंगावर पीत असतं तोवर बाईच्या अंगातला एक रस कमी होतो आणि योनीतला ओलावा आटतो, बऱ्याच जणींचा आटतो, कुणी बोलत नाही. त्यात तुरटीनं उरलीसुरली नाजूक त्वचा भाजून निघाली. आणि पुन्हा पुन्हा दुखल्यामुळं आतले स्नायू आधीच दार लावून घ्यायला शिकलेत. ते तुम्ही लावत नाही, ते अंग लावतं. हे म्हणताना त्या माझ्याकडं नाही, भरतेशकडं बघत होत्या. तुरटी बंद, साबण बंद, नुसतं पाणी. लावायला एक मलम आणि एक जेल. टाक्याच्या जागेला रोज हलक्या बोटानं तेल लावून चोळायचं, माझं मीच. शेजारच्या खोलीतल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं मला श्वास सोडता सोडता आतला भाग सैल सोडायला शिकवलं. मी वर्षभर आवळून धरायला शिकले होते, सोडता येईना. ती म्हणाली, लघवीला बसल्यावर सुरुवातीला कसं सुटतं, ते आठवा. आठवलं, आणि क्षणभर खरंच सुटलं.

भरतेशनं विचारलं, आणि मी काय करायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्या सांगेपर्यंत काहीच नाही. सांगितल्यावर सावकाश. आणि दुखलं म्हणाल्या की तिथंच थांबायचं, पुरं करायचं नाही. दात खाऊन पार पाडलं की अंग ते लक्षात ठेवतं.”

गावात मात्र भरतेश हावरटच राहिला. दूध घालायला डेअरीत गेला की जयराज नावाचा त्याचा वर्गमित्र म्हणायचा, गडी आज लवकर आला रं, घरी घाई असंल. मी म्हणाले, मी सांगते आईंना खरं काय ते, तुमच्यावर कशाला. तो म्हणाला, “माझं तेवढं राहू दे.” मला ते मोठेपण नको होतं, पण डेअरीतल्या पुरुषांना माझं अंग चघळायला देण्यापेक्षा ते बरं होतं, हेही खरं.

सासूबाई त्याच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. एका सकाळी मी आर्जवला पेज भरवत होते, त्या जवळ येऊन बसल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या की माझ्या पोरानं तुला लय तरास दिला, तू एवढी धर्माची. त्या माझी चुकीच्या गोष्टीसाठी माफी मागत होत्या आणि ती जवळपास बरोबर होती. मी चमचा खाली ठेवला. म्हणाले, आई, माझा नेम धर्माचा नव्हता, दुखण्याचा होता. आणि तुरटीनं आग व्हायची, मिरजेच्या बाईंनी ती बंद केली.

 आर्जवनं त्यांच्या गुडघ्यावर पेज सांडली, तरी त्यांनी पुसली नाही. मग अगदी सहज, तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तशा म्हणाल्या, “आग तर व्हायचीच. मला वाटायचं, आग हुतीया म्हंजी लागू पडलंया.”

  किती वर्षं, हे मी विचारलं नाही. त्यांच्या गुडघ्यावरची पेज मी पुसली आणि त्यांनी मला पुसू दिली. अण्णा त्याच वेळी ओसरीवर दाढी करून गालावर तुरटी फिरवत होते. आम्ही दोघींनीही तिकडं बघितलं नाही.

परवा परत रात्रीच्या लाईटचा आठवडा लागला. दुपारी भरतेश आला, हातपाय धुऊन पलंगाच्या कडेला बसला. मधल्या काळात दोनदा आम्ही जवळ आलो होतो. एकदा मध्येच मी थांबा म्हणाले होते आणि तो थांबला होता, तसाच, घाम पुसत, माझ्या तोंडाकडं बघत. दुसऱ्यांदा थोडंच दुखलं आणि थांबा म्हणावं लागलं नाही. मलम अजून चालू आहे, श्वासाचं शिक्षणही. किळस पूर्ण गेलेली नाही. कधी कधी अजून त्याच्या हाताचा स्पर्श आधी विळीसारखा लागतो आणि मग हातासारखा.

तर परवा त्यानं विचारलं, “आज?”

त्या दिवशी अष्टमी नव्हती, चतुर्दशी नव्हती, कुठलंच पर्व नव्हतं. मला दुखतही नव्हतं. नुसती झोप येत होती, दात येतात म्हणून आर्जवनं पहाटेपासून जागवलं होतं. मी म्हणाले, “नको.”

तो म्हणाला, “बरं.” मग झोळीतून आर्जवला अलगद उचललं, दार ओढून घेतलं आणि बाहेर अण्णांना सांगितलं की ती झोपलीय, आवाज करू नका.

मी पाय लांब केले. पोट सैल सोडलं. बाहेर पोरगं बापाच्या कानात काहीतरी बडबडत होतं, आणि मी त्या आवाजात झोपले.